दोन गड, एकच पंढरी

• नाते : भगवानबाबा (१८९६–१९६५) सुपे सावरगावचे, ता. पाटोदा. नारायणगडावर माणिकबाबांच्या सहवासात घडले. पुढे भगवानगड उभारला.

• नारळी सप्ताह : दरवर्षी नवे गाव. सात दिवस हरिनाम, शेवटी काल्याचे कीर्तन आणि गावपंगत.

• राजकारणाला मज्जाव : २०१६ मध्ये महंत नामदेवशास्त्रींनी भगवानगडावर राजकीय भाषणे बंद केली. तिथला दसरा मेळावा २०१७ पासून सावरगाव घाटात.

• ताण : ३० ऑक्टोबर २०२३ ला मराठा आरक्षण आंदोलनात बीड, माजलगावात जाळपोळ. २०२४ च्या दसऱ्याला नारायणगडावर मराठा आंदोलक मनोज जरांगे, सावरगावात वंजारी समाजाच्या नेत्या पंकजा मुंडे यांचे मेळावे.

मराठा-वंजारी तेढ निवळायची, तर सलोख्याचा शब्द दोन्ही गडांच्या कीर्तनांतून निघायला हवा. बीड जिल्हा तो ऐकेल.