सिलिकॉनच्या नॅनोतंतूंची करामत
लिथियम-आयन बॅटरीच्या ऋणाग्रात ज्या ग्रॅफाइटने आजवर इमानेइतबारे चाकरी केली, त्याची क्षमता प्रतिग्रॅम ३७२ मिलिअँपिअर-तासांशी संपते. सिलिकॉनची मात्र सुमारे ३,६०० पर्यंत जाते. परंतु लिथियम सामावून घेताना सिलिकॉनचे आकारमान जवळजवळ चौपट होते, आणि या फुगण्या-आकसण्याच्या ताणाने ते भंगून त्याचा विद्युत्संपर्क तुटतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात स्टॅनफर्डच्या यी त्सुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी पत्र्यावरच सिलिकॉनचे नॅनोतंतू वाढवून दाखविले: प्रत्येक तंतूला फुगावयास भोवती मोकळा अवकाश, आणि मुळाशी विजेचा थेट मार्ग! सूक्ष्मतेचे हे सामर्थ्य मला विलक्षण वाटते. अडचण उरते ती विस्तीर्ण पृष्ठभागाची. कारण तेथे इलेक्ट्रोलाइटचे विघटन होऊन साचणारा थर काही लिथियम कायमचे जप्त करतो.