संमोहन : शक्ती बाबाची नाही, आपल्याच विश्वासाची

अमरावती असो की अकोला, बसस्टँडवर एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. अनोळखी माणसाने डोळ्यांत पाहिले आणि बाईने स्वतःच अंगावरचे दागिने काढून दिले. "तिला संमोहित केलं होतं," असे लोक सांगतात. अशी शक्ती खरोखर असते का? आम्हाला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण याच समजुतीवर अनेक बुवा-बाबांचे दुकान चालते.

संमोहन म्हणजे काय?

संमोहन ही झोप नव्हे, बेशुद्धीही नव्हे. लक्ष एका गोष्टीवर एकवटते, आजूबाजूचे भान कमी होते आणि दिलेली सूचना मन चटकन स्वीकारते. आंबट चिंचेची नुसती आठवण काढली तरी तोंडाला पाणी सुटते. समोर चिंच नसते, पण शरीर प्रतिसाद देते. संमोहनात मनाची हीच क्षमता पद्धतशीरपणे वापरली जाते. काही जण सहज संमोहित होतात, बहुतेक जण थोडेफार, तर काही जवळजवळ होतच नाहीत. रस्त्यात नुसत्या नजरेने कुणाला गुलाम करता येत नाही. लुटारू बोलण्यात गुंतवतात, भीती किंवा लोभ दाखवतात, कधी गुंगीचे औषध देतात. म्हणून लाज न बाळगता पोलिसांत तक्रार केली पाहिजे.

विश्वासाचा वाटा

पॅरिसमध्ये मेस्मर नावाचा वैद्य 'प्राणिज चुंबकत्वा'ने रोग बरे करण्याचा दावा करत असे. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. बागेतले एक झाड 'भारित' केले आणि डोळे बांधलेल्या मुलाला वेगवेगळ्या झाडांजवळ नेले. तो बेशुद्ध पडला, पण न भारलेल्या झाडाजवळ! परिणाम खरा होता. कारण मात्र चुंबकत्व नव्हते, कल्पना होती. पुढे १८४५ मध्ये बंगालमधील हुगळी येथे डॉ. जेम्स एस्डेल यांनी क्लोरोफॉर्म येण्याआधी याच तंत्राने वेदना कमी करून शस्त्रक्रिया केल्या.

म्हणजे विश्वासाने वेदना, भीती, निद्रानाश कमी होऊ शकतो. दरबारात "बरं वाटलं" म्हणणारा माणूस खोटे बोलत असतोच असे नाही. पण विश्वासाने विष उतरत नाही, जंतुसंसर्ग जात नाही, गाठ विरघळत नाही.

जीव कुठे जातो?

आपल्याकडे पावसाळ्यात कपाशी-सोयाबीनच्या शेतात साप चावतो. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. असा रुग्ण वाचला की श्रेय मांत्रिकाला मिळते. पुढचा रुग्ण विषारी दंशाचा असतो आणि मंत्रात त्याची वेळ निघून जाते. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर चटके देण्याची 'डंबा' प्रथाही अशाच विश्वासावर टिकली आहे.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे शिक्षा आहे.

ऐकीव आहे, परंपरा आहे किंवा गुरू सांगतो, एवढ्यावरून काही मानू नका, स्वतः पारखा, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. गाडगेबाबांच्या या जिल्ह्यात तरी आपण एवढे ठरवू या : मनाला धीर कुणीही देवो, पण साप चावला की गाडी थेट सरकारी दवाखान्यातच गेली पाहिजे.