सोळा शुक्रवारांचे खाते

चित्रपटाचा माणसाच्या रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो, असे विचारले की आपल्याला केसांची वळणे आणि कपड्यांच्या तऱ्हा आठवतात. १९६० साली ‘लव्ह इन सिमला’ आला आणि कपाळावर बटा सोडणारा ‘साधना कट’ गावोगाव पोहोचला. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ची आठवण तर कापडाच्या धंद्यातील मंडळी अजूनही काढतात, माधुरी दीक्षितची जांभळी साडी दाखवा म्हणून गिऱ्हाईक पेढीवर येत असे. नवरदेवाचे बूट लपवण्याचा खेळ त्याच सुमारास मराठी लग्नांतही सर्रास दिसू लागला, आणि मानाचा कानपिळी मात्र बिचारा मागे पडला. बटा गेल्या, जांभळा रंगही गेला, बूट तेवढे अजून लपवले जातात.

परंतु एका चित्रपटाने केसांना वा कपड्यांना हात न लावता थेट ताटात प्रवेश केला. आठवड्याचा एक वार त्याने बदलला. तो माझ्या घरात कसा शिरला, हे मी लहानपणी पाहिले. त्याचा अर्थ मात्र पुष्कळ उशिरा कळला.

१९७५ हे हिंदी चित्रपटांचे मोठे वर्ष. ‘दीवार’ आणि ‘शोले’ त्याच वर्षीचे. त्यांच्या बरोबरीने तुफान चालला तो विजय शर्मा दिग्दर्शित ‘जय संतोषी माँ’. ना मोठे नट, ना मोठा खर्च. कानन कौशल, आशीषकुमार, भारतभूषण आणि देवीच्या भूमिकेत अनिता गुहा; गीते कवी प्रदीप यांची, संगीत सी. अर्जुन यांचे आणि उषा मंगेशकर यांचा आवाज. कथा घरगुती. सात भावांतील धाकट्याची बायको सत्यवती जावांचा जाच सोसते. नवरा अपमानाने घर सोडून परगावी कमवायला जातो. ती सोळा शुक्रवारांचे व्रत धरते. तो श्रीमंत होऊन परततो. उद्यापनाच्या दिवशी जावा जेवणात गुपचूप आंबट मिसळतात, देवीचा कोप होतो आणि अखेर सत्यवतीच्या भक्तीने सारे सावरते.

व्रताचा नियमही तितकाच सोपा. शुक्रवारी एकवेळ जेवायचे, देवीला गूळ आणि चणे ठेवायचे, कथा ऐकायची. आंबट खायचे नाही आणि शिवायचेही नाही. पुरोहित नको, मुहूर्त नको, चांदीची भांडी नकोत. गूळ-चणे ज्या घरात नाहीत असे घर त्या काळी शोधून सापडले नसते.

चित्रपटगृहांत स्त्रिया चपला बाहेर काढून जात, पडद्यावर देवी आली की नाणी आणि फुले उधळत, आरतीच्या वेळी खरोखर निरांजने ओवाळत. या देवीची देवळे आणि व्रतकथेच्या छापील पुस्तिका उत्तर भारतात १९६० च्या दशकातच होत्या. चित्रपटाने देवी निर्माण केली असे म्हणणे चूक ठरेल. समाजशास्त्रज्ञ वीणा दास यांनी, आणि पुढे अमेरिकेतील अभ्यासक फिलिप लुटगेनडॉर्फ यांनीही या चित्रपटावर गांभीर्याने लिहिले. पुस्तिका जिथे वर्षानुवर्षांत पोहोचली नसती, तिथे चित्रपट थोड्या महिन्यांत पोहोचला.

आमच्या घरी तो काकींबरोबर पोहोचला.

काकींचे माहेर मुंबईचे. १९७६ च्या उन्हाळ्यात त्या माहेरी गेल्या होत्या, तेव्हा शेजारच्या बायकांबरोबर त्यांनी तो पाहिला. एकदा नव्हे, तीनदा. परत आल्या त्या ट्रंकेत साड्यांच्या तळाशी व्रतकथेची पातळ पुस्तिका घेऊनच. आमचे घर म्हणजे खाली किराण्याचे दुकान, मागे गोदाम आणि वर राहणे. पहाटे नवकार, सूर्यास्तापूर्वी जेवण, चातुर्मासात हिरव्या भाजीचा त्याग. आजीला आम्ही बा म्हणत असू. बांच्या शिस्तीत अशा पुस्तिकेला जागा नव्हती. अन्य देवतेकडे ऐहिक फळ मागणे याला आपल्याकडे मिथ्यात्व म्हणतात, हे त्या वयातही मला तोंडपाठ होते.

काकींनी हा धोका का पत्करला, ते समजायला तलासरीकडे वळले पाहिजे. आज पालघर जिल्ह्यात असलेले डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. काकांनी वर्षभरापूर्वी तलासरीला, अहमदाबादकडे जाणाऱ्या महामार्गाजवळ, दुसरे दुकान थाटले होते. अंतर एका तासाचे, पण काका महिन्यातून एखाद्या वेळी घरी येत. उधारी अडकली होती, माल उठत नव्हता, आणि अपयश घेऊन वडिलांसमोर उभे राहणे त्यांना जड जात होते. तिकडे बिऱ्हाड करण्याची गोष्ट कुणी काढत नव्हते. धाकटी सून घरी कामाला होती, सासूला सोबत होती. सर्वांचे बरे चालले होते. ज्या बाईचा नवरा परगावी दुकान घेऊन बसला आहे, तिला सत्यवतीची कथा परक्याची वाटली नसेल.

आषाढात सुरू झालेले ते शुक्रवार मला आठवतात ते वासाने. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाणी सुटते, गोणपाट चिकट होते आणि सारे गोदाम गोड वासाने भरून जाते. काकी दुपारी, दुकानात गर्दी नसताना, खाली येत. गुळाचा खडा आणि मूठभर फुटाणे कागदात बांधून घेत आणि पदराच्या गाठीतली नाणी गल्ल्यात टाकून वर जात. घरच्याच मालाचे पैसे घरच्याच गल्ल्यात! मी एकदा विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “विचारून घेतलेलं नाही ना, मग देऊन घेतलेलं बरं.” न दिलेले घेऊ नये, हे अणुव्रत त्यांनी त्या परक्या व्रतातही सोडले नव्हते.

बांच्या लक्षात हे आले ते चिंचेमुळे. तलासरीकडच्या वारली बायका उन्हाळ्यात चिंच विकायला आणत. ती आम्ही साठवून ठेवत असू आणि दुपारी घरातील बायका चिंचोके काढून गोळे बांधत. शुक्रवारी काकींना नेमके दुसरे काही काम निघे. कधी डोके दुखे, कधी धुणे राहिलेले असे. चार शुक्रवार बांनी पाहिले. पाचव्या शुक्रवारी चिंचेची पाटी त्यांनी मुद्दाम काकींच्या पुढ्यात ठेवली. काकींनी हात लावला नाही आणि मान खाली घातली. बाही काही बोलल्या नाहीत. पाटी उचलून स्वतः चिंचोके काढत बसल्या.

दुसऱ्या दिवशी बा उपाश्रयात गेल्या. चातुर्मासासाठी साध्वीजी गावात होत्या. बांचे बोट धरून मी गेलो होतो, म्हणून ते संभाषण मला ठाऊक आहे. साध्वीजींनी सर्व ऐकून घेतले. फळाच्या आशेने केलेले तप म्हणजे नियाणा, त्याने तपाचे मोल जाते, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. मग त्यांनी विचारले, जिभेवर ताबा ठेवते ना? बा हो म्हणाल्या. मग तेवढे तरी घडते आहे. मागणे हळूहळू सुटेल, ओढून काढू नका.

या उत्तरावर मी पुढे पुष्कळ विचार केला. चव सोडणे आपल्याला नवे नाही. रसपरित्याग हे सहा बाह्य तपांपैकी एक. आयंबिलात दूध, दही, तूप, तेल, गूळ आणि तळण अशा सहाही विगई वर्ज्य. काकींनी आयंबिलाच्या ओळ्या केलेल्या होत्या; एक आंबट सोडणे त्यांना मुळीच कठीण नव्हते. गंमत अशी की ‘आयंबिल’ हा शब्द मूळ ‘आचाम्ल’, म्हणजे त्यात ‘अम्ल’, आंबट, दडलेले आहे. एका तपाच्या नावातच आंबट, दुसऱ्यात आंबटाला स्पर्शही नाही, आणि एकाच्या प्रसादाचा गूळ दुसऱ्यात निषिद्ध. पर्युषणातील शुक्रवारी या दोहोंची गाठ पडली. काकींनी उपवासाचे पच्चक्खाण घेतले होते, म्हणजे प्रसादाचा कणही तोंडात घालता येईना. त्यांनी गूळ-फुटाणे ठेवले, हात जोडले, पुडी डब्यात बंद केली आणि पारणे झाल्यावर ती खाल्ली. व्रत मोडले की पाळले, याचा निवाडा त्यांनी कुणाला विचारला नाही.

नटावरचे प्रेम आणि देवावरची श्रद्धा यांची अशी सरमिसळ आपल्याकडे नवी नाही. ‘प्रभात’च्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले आणि पुढे लोक त्यांच्याच पाया पडू लागले. अनिता गुहांनाही लोक आशीर्वाद मागत. आमच्या भागाने तर हा प्रकार अगदी दाराशी पाहिला. डहाणू रोडवरून गाडीने निघाले की घोलवड, आणि पुढे उंबरगाव रोड, गुजरातच्या हद्दीत. तिथल्या स्टुडिओत रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेचे चित्रीकरण झाले. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी आमच्या पेठेत गिऱ्हाईक फिरकत नसे, आणि फिरकले असते तरी माल द्यायला दुकानात कुणी नव्हते. रामाची भूमिका करणारे अरुण गोविल यांना सिगारेट ओढताना पाहून एका चाहत्याने खडसावले आणि त्यांनी ती सोडली, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. चित्रपटाने प्रेक्षक बदलतो असे आपण म्हणतो. इथे प्रेक्षकाने नट बदलला.

मात्र रविवारची मालिका घरातील सर्वांची होती, पुरुष मंडळीही हात जोडून बसत. काकींचा शुक्रवार एकट्या काकींचा होता. त्या घरात त्यांच्या वाट्याला आलेला तो बहुधा पहिलाच स्वतःचा दिवस.

दिवाळी तोंडावर आली आणि सोळा शुक्रवार संपले. उद्यापनाला आठ मुलगे जेवू घालायचे असतात. आम्हा घरच्या मुलांना बोलावणे त्यांना शक्य नव्हते आणि शेजारी सांगायची सोय नव्हती. आमच्या गोदामात पोती वाहणाऱ्या वारली गड्यांची मुले मागच्या अंगणात खेळत असत. काकींनी त्यांना बोलावले. अंगणात पत्रावळी मांडल्या; खीर, पुरी आणि चण्याची उसळ. आमच्या मागच्या अंगणात त्या मुलांची पंगत त्याआधी कधी बसली नव्हती. नंतर मुलांच्या हातात पैसे द्यायचे नसतात, नाही तर ती आंबट काही विकत घेऊन खातात. म्हणून प्रत्येकाला दोन दोन चिकू दिले. बा वरच्या खिडकीत उभ्या होत्या. खीर कमी पडेल असे दिसले, तेव्हा त्या खाली आल्या आणि दुधाचे पातेले ठेवून परत वर गेल्या.

त्या दिवाळीनंतर काकी तलासरीला राहायला गेल्या. हे व्रताचे फळ असे मी म्हणणार नाही. झाले ते इतकेच, की लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी दादाजींसमोर उभे राहून, मला तिकडे जायचे आहे, असे प्रथमच सांगितले. तलासरीच्या गल्ल्यावर त्या पुढे अनेक वर्षे बसल्या. शुक्रवारी सकाळी गूळ-फुटाण्याच्या पुड्या बांधून तयार ठेवत. हायवेवरून जाणाऱ्या बायका थांबून घेत. स्वतः काकींनी व्रत पुन्हा केले नाही. चित्रपट पाहिला का कुणाकडे, असे मात्र त्या विचारत, आणि नाही म्हटले की सगळी गोष्ट सांगत, जावांसकट.

दादाजी गेल्यावर जुने चोपडे आवरताना त्या वर्षाची वही माझ्या हाती आली. गुजराती वळणाचे त्यांचे बारीक अक्षर. घरखात्यात शोधले, तेथे काहीच नव्हते. मग एका कोपऱ्यातील पान उघडले; त्याच्या माथ्यावर काकींचे नाव होते. आमच्या वह्यांत घरातील एखाद्या बाईच्या नावाचे खाते मी तोवर पाहिले नव्हते. खाली आठवड्याच्या अंतराने सोळा नोंदी, सगळ्या जमेच्या, किरकोळ रकमांच्या. गल्ल्यात पडलेले प्रत्येक नाणे दादाजींनी मोजले होते. गूळ आणि फुटाणे नावे टाकलेले नव्हते. उद्यापनाचा रवा, साखर आणि पीठ धर्मादा खात्यात दाखवले होते, पुढे “मुले आठ”. आणि पानाच्या शेवटी, दिवाळीची बाकी काढून, एका ओळीत लिहिले होते: तलासरी दुकानी हिच्या नावे जमा.