तो कान, ती मान, ते नाक

लिंग आणि लिंगभाव असे दोन शब्द कशाला, एकाने भागत नाही का, हा प्रश्न हमखास येतो. इतके दिवस एकानेच भागवलं, घोळ तिथूनच सुरू झाला. आपल्या एकाच देहावर मराठीने तो कान, ती मान आणि ते नाक बसवलं आहे. यातलं काही शरीराने ठरवलेलं नाही. बोलणाऱ्यांनी ठरवलं, पिढ्यांनी गिरवलं. इंग्रजीतला ‘जेंडर’ही मुळात व्याकरणाचाच शब्द. १९५५ मध्ये जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाने तो माणसाच्या बाई किंवा पुरुष म्हणून वावरण्याला लावला. त्यालाच आपण लिंगभाव म्हणतो.

हे वावरणं शिकता येतं, याचा पुरावा आपल्याच रंगभूमीवर आहे. बालगंधर्वांची भामिनी आणि सिंधू पाहून घरंदाज बायका त्यांच्यासारखं नेसू लागल्या, तशी फुलं माळू लागल्या. बाईपणाचा कित्ता एका पुरुषाने घालून दिला! पण साडी नेसून कोणी बाई होत नाही. घरी ते नवरा होते, बाप होते. आपण कोण, ही आतली जाणीव वेगळीच असते, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाची ओळख म्हणून तीच ग्राह्य धरली.

मग निदान शरीराचं लिंग तरी सरळसोट असेल? १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेने पिठातल्या किड्यांच्या पेशी तपासल्या. मादीत वीस मोठी गुणसूत्रं, नरात एकोणीस मोठी आणि एक इवलंसं. तेच वाय. माणसातही तसंच, म्हणजे निवाडा बापाकडून येणाऱ्या पेशीत होतो. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या प्रत्येक घरात या बाईंचं नाव पोचायला हवं होतं.

तरी वाय म्हणजे पुरुष, असं समीकरण मांडता येत नाही. मारिया होसे मार्तिनेझ-पातिन्यो ही स्पेनची अडथळा-शर्यतीची धावपटू. १९८५ मध्ये जपानमधल्या कोबे इथल्या स्पर्धेत लिंगचाचणीसाठी तिच्या गालाच्या आतल्या पेशी तपासल्या, तर वाय निघालं. दुखापतीचं सोंग कर, असं तिला सांगण्यात आलं. ती प्रेक्षकांत बसली आणि आपल्या सोबतिणींना बघत राहिली. तिच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन बनत होतं, पण पेशी त्याला दादच देत नव्हत्या. त्यामुळे तिची वाढ मुलीसारखीच झाली होती. पुन्हा धावण्याची परवानगी मिळायला १९८८ उजाडलं.

२०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने महिला गटासाठी वायवरच्या ‘एसआरवाय’ जनुकाची चाचणी सक्तीची केली आहे. १९९० मध्ये हे जनुक शोधणाऱ्यांपैकी अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच तिला जाहीर विरोध केला. जनुक आहे की नाही, एवढंच ही चाचणी सांगते. त्याने काम केलं का, वृषणं घडली का, संप्रेरक बनलं का, आणि बनलं तर शरीराने ते मानलं का, यातलं काहीच तिला कळत नाही.