विश्लेषण : पर्यटकाने मुंबईत आणखी एक दिवस थांबावे, यासाठी काय करावे लागेल?

भुयारी मेट्रो आरे ते कफ परेड अशी पूर्ण झाली, सागरी किनारा मार्ग खुला झाला आणि नवी मुंबईतील विमानतळावरून उड्डाणेही सुरू झाली. मुंबईत पोहोचणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. मात्र, गोवा, अजिंठा-वेरूळ किंवा कोकणाकडे निघालेल्या अनेक पर्यटकांसाठी मुंबई आजही वाटेतला एक मुक्काम आहे. गेटवे, मरिन ड्राइव्ह, थोडी खरेदी आणि परतीचे तिकीट असा हा कार्यक्रम असतो. त्यात आणखी एका दिवसाची भर कशी पडेल, त्यासाठी नवे मोठे प्रकल्प हवेत की आहे तेच नीट दाखवायला हवे, याविषयी…

मुंबईकडे दाखवण्यासारखे काय आहे?

‘युनेस्को’च्या जागतिक वारसा यादीत मुंबईशी जोडलेली तीन स्थळे आहेत. घारापुरीच्या लेण्यांचा समावेश १९८७ मध्ये झाला, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा २००४ मध्ये आणि व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींच्या समूहाचा २०१८ मध्ये. या तिसऱ्या समूहात ९४ इमारती आहेत. ओव्हल मैदानात उभे राहिले की एका बाजूला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर दिसतात, तर दुसऱ्या बाजूला विसाव्या शतकातील गोलाईदार गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. दोन वेगळ्या काळांतील वास्तुशैली मधल्या एका मैदानातून एकाच वेळी पाहता येतात.

याशिवाय संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभरहून अधिक बौद्ध लेणी आहेत. शिवडी, शीव, माहीम, वरळी, वांद्रे येथील किल्ले, वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव, ठाणे खाडीतील फ्लेमिंगो हे सारे शहराच्या हद्दीत किंवा हद्दीला लागून आहे. गणेशोत्सव आणि खाऊगल्ल्यांचे आकर्षण वेगळेच. थोडक्यात, मुंबईत पाहण्यासारखे कमी आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही.

मग अडचण नेमकी कुठे?

अडचण दोन ठिकाणांच्या मधल्या जागेत आहे. हुतात्मा चौकातून काळा घोडामार्गे गेटवेपर्यंतची चाल पंधरा-वीस मिनिटांची. पण नवख्या माणसाला ती सुचवणारा सलग फलक नाही. पदपथ मध्येच खोदलेला असतो किंवा दुचाकींनी व्यापलेला. स्वच्छतागृह जवळ असले तरी ते कुठे आहे हे कळत नाही. लहान मुले किंवा ज्येष्ठ नागरिक सोबत असतील, तर कुटुंब सरळ टॅक्सी करते आणि वाटेतली मुंबई काचेआडून पाहते.

दुसरी अडचण माहितीची. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि राष्ट्रीय उद्यान बंद असल्याने कान्हेरीही त्याच दिवशी बंद. भायखळ्यात राणीची बाग आणि तिच्या आवारातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, दोन्हींची सुटी बुधवारी. रिक्षा दक्षिण मुंबईत चालत नाही, हे मुंबईकराला ठाऊक असते; पाहुण्याला ते वांद्रे किंवा शीवला उतरवल्यावर कळते. एकेक गोष्ट किरकोळ वाटते, पण दोन दिवसांच्या सहलीतील अर्धा दिवस अशा गोष्टींतच जातो.

एका सहलीत किती यंत्रणा?

घारापुरीचे उदाहरण घेऊ. पर्यटक गेटवेला येतो तेव्हा समोरचे स्मारक राज्य पुरातत्त्व विभागाच्या अखत्यारीत असते, बाहेरचा रस्ता महापालिकेचा. बोटींच्या परवान्यांशी महाराष्ट्र सागरी मंडळाचा संबंध येतो. बेट रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात आहे आणि तेथे स्वतंत्र ग्रामपंचायत आहे. ग्रामपंचायत पर्यटकांकडून कर घेते, तर लेण्यांचे तिकीट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग देतो. तासाभराच्या बोटप्रवासासाठी एक तिकीट, पोहोचल्यावर दुसरे आणि मग तिसरे, असा हा प्रकार आहे.

यंत्रणा अनेक असल्या की काही बिघडल्यास जबाबदारी कोणाची, हा प्रश्न लोंबकळत राहतो. या बेटावर समुद्राखालील केबलमधून कायमस्वरूपी वीज पोहोचली ती २०१८ मध्ये, म्हणजे जागतिक वारसा दर्जा मिळून तीन दशके उलटल्यावर. डिसेंबर २०२४ मध्ये नौदलाची स्पीडबोट घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळून अनेकांचा जीव गेला. त्यानंतर लाइफ जॅकेट, बोटीची क्षमता आणि बंदरातील नियमन यांची चर्चा झाली. पर्यटन आकर्षक करण्याची पहिली पायरी सुरक्षितता आहे, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

मेट्रोमुळे चित्र बदलेल का?

बदलू शकते. ३३.५ किलोमीटरच्या भुयारी मेट्रो-३ मार्गिकेवर २७ स्थानके आहेत. विमानतळाची दोन्ही टर्मिनल, सिद्धिविनायक, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट ही ठिकाणे एकाच मार्गावर आली आहेत. विमानतळावर उतरलेला प्रवासी रस्त्यावरील कोंडी टाळून तासाभराच्या आत दक्षिण मुंबईत पोहोचू शकतो. दोन विमानांमध्ये सात-आठ तास मोकळे असलेल्या प्रवाशालाही आता शहर पाहण्याचा विचार करता येईल. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘मुंबई वन’ अॅपमुळे मेट्रो, लोकल आणि बस अशा वेगवेगळ्या सेवांची तिकिटे एकाच ठिकाणी मिळू लागली आहेत.

पण मेट्रो प्रवाशाला स्थानकाच्या दारापर्यंतच आणते. पुढची दहा मिनिटे पदपथाची असतात. लंडनने यावर साधा उपाय केला. तेथील ‘लेजिबल लंडन’ योजनेत चौकाचौकांत पादचाऱ्यांसाठी नकाशे लावले आहेत. नकाशासमोर उभा असलेला माणूस ज्या दिशेला पाहतो, तीच दिशा नकाशात वर दाखवलेली असते आणि पाच मिनिटांत चालत कुठवर जाता येईल, हे वर्तुळाने दाखवलेले असते. मेट्रो स्थानकांच्या बाहेर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत असे नकाशे लावण्यासाठी कोणत्याही मोठ्या बांधकामाची गरज नाही.

छोट्या उपक्रमांना प्रतिसाद मिळतो का?

मिळतो, असा मुंबईचाच अनुभव आहे. मार्च २०२५ मध्ये मलबार हिलवर झाडांमधून जाणारा ४८५ मीटर लांबीचा उन्नत निसर्गमार्ग सुरू झाला. माफक शुल्क, ऑनलाइन नोंदणी आणि ठरावीक वेळेचा प्रवेश, एवढ्यावर ते शहरातील पाहण्याचे नवे ठिकाण ठरले. २०२१ मध्ये महापालिका मुख्यालयाची इमारत मार्गदर्शकासह पाहण्याची सोय झाली. ज्या इमारतीत लोक एरवी कामासाठीच जात, ती पाहण्यासाठी लोक येऊ लागले.

अहमदाबादचे उदाहरणही लक्षात घेण्याजोगे आहे. तेथील महापालिकेने १९९७ मध्ये जुन्या शहरात वारसा फेरी सुरू केली. काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत पोळांमधून जाणारी ही फेरी वर्षानुवर्षे चालत राहिली. पुढे २०१७ मध्ये अहमदाबाद हे जागतिक वारसा शहराचा दर्जा मिळालेले देशातील पहिले शहर ठरले. त्या फेरीचे बळ सातत्यात होते.

मुंबईत नेमके सातत्यच कमी पडते. बेस्टच्या वरून उघड्या दुमजली बसमधून रात्रीची दक्षिण मुंबई पाहणे हा अनेक वर्षे पर्यटकांचा आवडता कार्यक्रम होता. बसचे आयुर्मान संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या सेवेतून गेल्या. वातानुकूलित दुमजली बस आल्या; पण वरच्या मजल्यावर बसून समुद्राचा वारा खात जाण्याची मजा त्यांत नाही.

स्थानिकांचे काय?

हा या विषयातील सर्वांत नाजूक प्रश्न आहे. गेटवेजवळची गर्दी कमी व्हावी म्हणून कुलाब्यात रेडिओ क्लबजवळ नवी प्रवासी जेट्टी प्रस्तावित झाली. रहिवाशांनी वाहतूक कोंडी आणि वारसा परिसराच्या हानीची भीती व्यक्त करत विरोध केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जेट्टीला अटींसह परवानगी दिली. तेथील आसनव्यवस्था मनोरंजनाच्या कार्यक्रमांसाठी नव्हे, तर बोटीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांसाठीच वापरावी, ही त्यातील एक अट.

परदेशात याची पुढची अवस्था दिसते. बार्सिलोनामध्ये घरभाडी वाढल्याने त्रासलेल्या रहिवाशांनी २०२४ मध्ये पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या. तेथील प्रशासनाने २०२८ पर्यंत पर्यटकांना भाड्याने दिली जाणारी दहा हजारांहून अधिक घरे बंद करण्याचे जाहीर केले. व्हेनिसने दिवसभरासाठी येणाऱ्यांवर शुल्क लावले. मुंबई त्या टप्प्यावर नाही. पण घरांचा प्रश्न येथे आधीच तीव्र आहे. पर्यटन वाढवताना सगळी गर्दी गेटवे-कुलाबा पट्ट्यातच कोंबली, तर येथेही विरोध वाढेल.

उलट बाजूही आहे. गेटवेवर झटपट फोटो काढून देणारे छायाचित्रकार, टॅक्सीचालक, घारापुरीवर दुकाने मांडणारे ग्रामस्थ, खाऊगल्लीतील विक्रेते यांच्या घरची चूल पर्यटकांवर पेटते. पर्यटक एक दिवस जास्त थांबला, तर त्याचा पैसा केवळ मोठ्या हॉटेलांत न राहता या लोकांपर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते.

सुरुवात कुठून करता येईल?

काही गोष्टी तातडीने शक्य आहेत. घारापुरीसाठी बोट, कर आणि लेणी मिळून एकच तिकीट. सुटीचे वार आणि वेळा दाखवणारे एकत्रित वेळापत्रक. फोर्ट-काळा घोडा-गेटवे या पट्ट्यात सलग पदपथ, सावली, पिण्याचे पाणी आणि ठळक खुणा असलेली स्वच्छतागृहे. बोरिवलीच्या प्रवेशद्वारापासून आत असलेल्या कान्हेरीपर्यंत नियमित बस. भायखळा, शिवडी, बाणगंगा येथे ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी मार्गदर्शकासह फेऱ्या, म्हणजे गर्दीही शहरभर विभागली जाईल.

या यादीतील जवळपास प्रत्येक गोष्ट मुंबईकरालाही रोज हवी आहे. चालण्याजोगा पदपथ, वापरण्याजोगे स्वच्छतागृह, सुरक्षित बोट आणि समजेल असा फलक पाहुण्यासाठी एका दिवसाची सोय असते, रहिवाशासाठी आयुष्यभराची. त्यामुळे पर्यटनाच्या नावाने येणाऱ्या प्रत्येक योजनेला एक प्रश्न विचारता येईल : पर्यटक परत गेल्यावर तिचा उपयोग शेजारच्या वस्तीला होणार आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तर त्या योजनेवरील खर्च वाया जाण्याची शक्यता कमी.