जुना संगणक भंगारात घालण्यापूर्वी

दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबविला. काहींना नोंदणी करून वर्षभराची मुदत मिळाली, पण मुदत ती मुदतच. पुढची विंडोज ११ घालावी, तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे यंत्र धडधाकट आहे, पण कंपनीच्या यादीत बसत नाही. दुकानदार सांगतो, "नवीन घ्या."

सांगणे सोपे आहे. ज्या घराने हप्ते भरून संगणक घेतला, त्या घरात नव्या संगणकाचा खर्च म्हणजे मुलीच्या क्लासची फी थांबणे होय. मोबाईलवर फॉर्म भरता येतो, हे खरे. परंतु टायपिंगचा सराव, हिशेबाचे तक्ते, मुक्त विद्यापीठाचा प्रकल्प-अहवाल ही कामे मोबाईलवर होत नाहीत. म्हणून आम्ही नाशिकमधील काही नोकरदार कार्यकर्त्यांनी दुसरी वाट धरली. आमच्या वस्तीतील अभ्यासिकेला एका कचेरीने काढून टाकलेले पाच संगणक मिळाले होते. त्यांवर आम्ही लिनक्स घातले. चार चालू झाले. या कामात ज्या अडचणी येतात आणि त्या कशा सोडवाव्यात, ते येथे क्रमाने देत आहोत.

लिनक्स म्हणजे काय?

१९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने हे काम सुरू केले आणि जगभरच्या लोकांनी ते वाढविले. ते फुकट मिळते, वाटता येते आणि ते वाटणे हा गुन्हा नाही. चोरीची विंडोज घालून घेण्यापेक्षा हे केव्हाही बरे. केरळने आपल्या सरकारी शाळांतील संगणक शिक्षण अशाच मुक्त सॉफ्टवेअरवर उभे केले. लिनक्सचे अनेक प्रकार आहेत. नवशिक्याने लिनक्स मिंटचा 'एक्सएफसीई' हा हलका प्रकार घ्यावा. त्याला किमान २ जीबी रॅम लागते, मात्र ४ जीबी असेल तर काम सुखाने होते.

आधी यंत्र तपासा

प्रोसेसर ६४ बिटचा आहे का, हे पाहावे. जुन्या विंडोजवर '३२ बिट' लिहिलेले असले म्हणून प्रोसेसरही ३२ बिटचा असतोच असे नाही. कोअर टू ड्युओ हा प्रोसेसर ६४ बिटचाच आहे. परंतु प्रोसेसर खरोखरच ३२ बिटचा निघाला, तर फार वेळ घालवू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही अशा यंत्रांवर नव्याने स्थापना करण्याची सोय बंद केली आहे. आमचा पाचवा संगणक याच जातीचा होता. त्याचा मॉनिटर आणि कीबोर्ड मात्र कामी आले.

दुसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट : फोटो, जातीचे दाखले, गुणपत्रिका, जे काही असेल ते आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि ते उघडते का, हे पाहा. स्थापनेत डिस्क पुसली गेली की रडून उपयोग नाही.

पेनड्राइव्हवरून सुरू होत नाही

डाउनलोड केलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. रूफस किंवा एचर या साधनाने ती 'लिहावी' लागते. डाउनलोड अर्धवट झाला असेल, तर स्थापना मध्येच अडकते. म्हणून संकेतस्थळावर दिलेला चेकसम जुळवून पाहावा. त्यानंतर संगणक सुरू करताना बूट-मेनूची कळ दाबावी. डेल आणि लेनोवोत ती बहुधा एफ १२ असते, एचपीमध्ये एफ ९. तरीही पेनड्राइव्ह दिसत नसेल, तर पुढचे पोर्ट सोडून मागच्या पोर्टला लावून पाहा. फार जुन्या यंत्रात डीव्हीडीचाच मार्ग उरतो.

सुरू झाल्यावर लगेच स्थापना करू नका. पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून पडदा, आवाज, वायफाय तपासा. याने डिस्कला धक्का लागत नाही.

पडदा काळा पडतो, डिस्क दिसत नाही

पडदा काळा झाला म्हणजे यंत्र बिघडले असे समजू नये. बहुधा ग्राफिक कार्डाची भानगड असते. पहिल्या मेनूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडावा आणि स्थापनेनंतर 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून योग्य ड्रायव्हर घ्यावा. डिस्कच दिसत नसेल, तर बायॉसमध्ये साटाचा प्रकार 'रेड' असतो, तो 'एएचसीआय' करावा. मात्र जुनी विंडोज ठेवायची असेल, तर हा बदल विचारपूर्वक करा. तिची सुरुवात अडू शकते. डिस्क दिसते पण यंत्र रडतखडत चालते, अशा वेळी 'डिस्क्स' या साधनात तिची प्रकृती पाहावी. डिस्क मरायला टेकली असेल, तर छोटी एसएसडी बसवावी. जुन्या यंत्रावर केलेला हा सर्वांत सार्थकी लागणारा खर्च होय.

स्थापना झाली, पण 'बूट डिव्हाइस नाही' असा संदेश आला, तर पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने सुरू केला होता तीच पद्धत, युईएफआय की जुना लेगसी बायॉस, बायॉसमध्ये कायम आहे का ते पाहावे.

घड्याळ आणि वायफाय

एक गंमतीची अडचण सांगतो. सर्व काही ठीक, तरी संकेतस्थळे उघडेनात आणि अपडेट होईना. कारण काय? मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा सेल संपलेला असतो. त्यामुळे संगणकाची तारीख अनेक वर्षे मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे जुळत नाहीत. घड्याळाच्या दुकानात मिळणारा तो सेल बदलला की प्रश्न मिटतो.

ब्रॉडकॉमचे वायफाय कार्ड असल्यास ते प्रथम दिसत नाही. अशा वेळी मोबाईल यूएसबी वायरने जोडून 'टेदरिंग' चालू करावे आणि त्या इंटरनेटवरून ड्रायव्हर घ्यावा.

मराठी आणि हिशेब

युनिकोड मराठी लिनक्समध्ये उत्तम दिसते. आयबस या साधनाने इनस्क्रिप्ट किंवा उच्चारानुसार टायपिंग करता येते. परंतु श्री-लिपी, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमधील इतिवृत्ते आणि पत्रिका उघडल्या, तर चित्रविचित्र अक्षरे दिसतील. मजकूर गेला असे समजू नका. तो फॉन्ट घातल्यास दिसतो. पुढे तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

वर्ड-एक्सेलच्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, पण मांडणी कधी हलते. म्हणून अर्ज पाठविताना पीडीएफ करावा. टॅलीवर काम करणाऱ्यांनी आणि डिजिटल सहीचा डोंगल वापरणाऱ्यांनी घाई करू नये. ज्यांची रोजी त्यावर आहे, त्यांनी आधी कामाची खात्री करावी. अभ्यासिकेतही विंडोजचा एक तरी संगणक असावा, असे आमचे मत आहे.

शिकणार कोठे?

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतही आहेत, तेही विनामूल्य. धडा पाहायचा, थांबवायचा, हाताने करायचे, पुन्हा पाहायचे. दहावी-बारावीची मुले हे सहज करतात. आमच्याकडे पडदा काळा पडला की आता मुलीच पुढे येतात.

तेव्हा बंधू-भगिनींनो, आपल्या कचेरीतून संगणक निघत असतील, तर साहेबांना रीतसर अर्ज करा, डिस्क पुसून घ्या आणि यंत्रे वस्तीत आणा. पहिला संगणक लावताना दोन मुलांना शेजारी बसवा. दुसरा त्यांना लावू द्या. तिसऱ्यासाठी तुमची गरज उरता कामा नये.