पाच लाख घरं आणि दहा लाख तपासण्या

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात नेपाळमधली ४,९८,८५२ घरं पूर्ण पडली, असा सरकारी हिशेब आहे. अर्धवट पडलेली आणखी अडीच लाखांवर. घर बांधायला सरकारने आधी दोन, मग वाढवून तीन लाख नेपाळी रुपये देऊ केले. आपल्या एका रुपयाला त्यांचे १.६० मिळतात, म्हणजे आपले १,८७,५००.

पाच लाख घरं धरली तर १५,००० कोटी नेपाळी रुपये झाले. पण डोकं गरगरतं ते रकमेने नाही, हप्त्यांनी. करारावर सही झाली की ५०,०००, जोतं झालं की दीड लाख, भिंती छताला टेकल्या की उरलेले एक लाख. दुसऱ्या-तिसऱ्या हप्त्याआधी इंजिनिअरने जागेवर येऊन बघायचं. म्हणजे बँकेत १५ लाख वेळा पैसे भरायचे आणि दहा लाख तपासण्या करायच्या! शंभर इंजिनिअरांनी रोज दहा-दहा घरं पाहिली, तरी हजार दिवस लागतील. यात पावसाळा, दसैंचा सण आणि शनिवारची सुटी धरलेलीच नाही. शिवाय रोज दहा घरं कागदावरच. गोरखा किंवा सिंधुपाल्चोकच्या उतारावर शेजारचं घर गाठायलाही कधी ओढा ओलांडावा लागतो.

बघायचं काय? दगडमातीच्या भिंतीत आरपार जाणारे लांब दगड आहेत का, कोपरे एकमेकांत गुंतलेत का, चहूबाजूंनी लाकडाचा किंवा काँक्रीटचा पट्टा फिरलाय का. १९९३ च्या भूकंपात किल्लारीतल्या घरांत नेमकं हेच नव्हतं. तिथल्या जाडजूड भिंतींचे आतले-बाहेरचे थर सुटे झाले आणि माणसं झोपेतच गाडली गेली. त्यामुळे तपासणीला कोणी लालफीत म्हटलं, तर मला पटत नाही.

यातली ५०,००० घरं भारताच्या मदतीने झाली, गोरखा आणि नुवाकोट जिल्ह्यांत. एवढी मोठी मदत, तीही एकूण घरांच्या जेमतेम एक दशांश.

खटकतं ते वेगळंच. हमरस्त्यावरच्या घराला तीन लाख आणि जिथे सिमेंटची गोणी खेचरावर लादून न्यावी लागते तिथेही तीनच लाख. वर, जोतं उभं करायला हातात फक्त पन्नास हजार. कित्येकांनी सावकाराचं कर्ज काढलं. तपासणीची अट बरोबरच होती. पहिला हप्ता मात्र फार तोकडा ठेवला.